घरच्या बैठकीसाठी पत्ते आणि पटाचे खेळ: निवड, मांडणी आणि खेळवण्याची रीत

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत पत्त्यांचा एक कॅट आणि लूडोचा एक पुठ्ठा कपाटात कुठेतरी असतोच. तरीही मे महिन्याच्या दुपारी, बाहेर पारा बेचाळिशीच्या पुढे गेलेला असताना आणि सुट्टीला आलेली दहा-बारा माणसे पंख्याखाली एकत्र असताना, तो बाहेर निघत नाही. निघाला तरी अर्ध्या तासात डाव मोडतो आणि ज्याचा त्याचा मोबाइल ज्याच्या त्याच्या हातात येतो. डाव मोडतो तेव्हा खेळच कंटाळवाणा होता असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो खेळ त्या माणसांना जुळणारा नसतो एवढेच. बदाम सात आणि सापशिडी यांपलीकडे फारसे न खेळलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. खेळ निवडताना मी एकच कसोटी सर्वांत वर ठेवतो: जो भिडू मागे पडला आहे, त्याला डाव संपेपर्यंत काही करण्यासारखे उरते का?

आधी बैठक पाहावी

पहिली पायरी बाजारात जाण्याची नाही. घरात किती जण खेळायला बसतील, त्यांत सर्वांत लहान कोण आणि सर्वांत वडीलधारे कोण, आणि हाताशी वेळ किती आहे, एवढे आधी ठरवावे. जेवण तयार होईपर्यंतचा अर्धा तास आणि दिवाळीच्या पाडव्याची अख्खी दुपार यांसाठी एकच खेळ चालत नाही. आज्जीला मांडी घालून जमिनीवर बसवत नसेल, तर सतरंजीवर मांडलेला पट तिला नीट दिसणार नाही आणि वाकून सोंगट्या हलवणे तिला त्रासाचे होईल. हातात धरायचे पत्ते मात्र ती दिवाणावर बसूनही खेळू शकते. ज्यांना मोतीबिंदूचा त्रास आहे किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी मोठ्या अंकांचे पत्ते घ्यावेत आणि हिरवा-निळा असा जवळचा रंगभेद ओळखायला लावणारे खेळ टाळावेत. घरातल्या काहींना इंग्रजी वाचता येत नसेल, तर ज्या खेळाच्या प्रत्येक पत्त्यावर इंग्रजीत सूचना छापलेल्या असतात तो कितीही नावाजलेला असला तरी बाजूला ठेवावा, कारण दर वेळी नातवाकडून पत्ता वाचून घ्यावा लागला की आपले पत्ते लपवण्यातली सगळी गंमत निघून जाते.

जागेचाही विचार करावा. लातूर, धाराशिव आणि नांदेडकडे वेळ अमावस्येला सगळे घर शेतात जाते, आणि भज्जी-आंबिलाचे जेवण झाल्यावर झाडाखाली तास-दोन तास निवांत मिळतात. तिथे वारा असतो. बदाम सातसारखा, पत्ते जमिनीवर पसरत जाणारा खेळ तिथे दहा मिनिटांत विस्कटतो. ज्यात पत्ते हातातच राहतात आणि मधली चळत लगेच उचलली जाते, तो झब्बू तिथे बिनघोर चालतो.

पैशाचा विषय आधी संपवावा

दुसरी पायरी खेळाच्या नियमांत कुठे लिहिलेली नसते, पण आपल्याकडे ती टाळून चालत नाही. गावाकडे पत्ते म्हटले की पुष्कळ घरांत तीन पत्ती, पारावरचे टोळके आणि पोलिसांची धाड हेच डोळ्यांपुढे येते, आणि त्यामुळे अप्पा किंवा काकू यांनी कॅट पाहताच कपाळाला आठ्या घातल्या तर ते अगदीच अकारण नसते. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष ठरवून टाकावे की या बैठकीत एक रुपयासुद्धा लावला जाणार नाही. ‘गंमत म्हणून पाच-पाच रुपये’ हेही नको. मुलांसमोर तर मुळीच नको. राज्यातला जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात वेगळे ठेवलेले आहे, पण घरातला प्रश्न कायद्याचा नसून विश्वासाचा असतो. गुण मोजायला चिंचोके किंवा शेंगदाणे घ्यावेत. शेंगदाणे घेतल्यास डावाच्या मध्येच गुण खाल्ले जातात, म्हणून चिंचोके बरे.

खेळालाच ज्यांचा आक्षेप आहे, त्यांना एकदा वेरूळला न्यावे. तिथल्या 21 व्या आणि 29 व्या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळत असल्याचे प्रसंग कोरलेले आहेत. महाभारतातले द्यूत आठवून कोणी प्रत्युत्तर देईलच, आणि तेही बरोबरच असेल. तिथे पणाला काय लावले होते, हाच तर मुद्दा आहे.

एका कॅटमध्ये किती खेळ बसतात

नवख्यांनी पहिले दोन-तीन महिने काहीही नवे विकत घेऊ नये असे माझे मत आहे. फक्त एक चांगला कॅट घ्यावा. कागदी पत्ते उन्हाळ्यात घामाने चिकटतात आणि कोपरे दुमडले की खुणेचे होतात, म्हणून प्लॅस्टिकचे, ओल्या फडक्याने पुसता येणारे पत्ते घ्यावेत. आपल्याकडची धूळ पाहता पुसण्याची वेळ वरचेवर येतेच.

खेळ माणसांच्या संख्येवरून ठरवावा. दोघेच असतील तर सात-आठ आणि तिघे असतील तर पाच-तीन-दोन हे उत्तम, आणि दोन्हींना तेच 30 पत्ते लागतात: चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी व अठ्ठी हे 28, शिवाय बदाम आणि इस्पिक यांच्या दोन सत्त्या. पाच-तीन-दोनमध्ये प्रत्येकाला दहा पत्ते येतात. हुकूम, म्हणजे बाकीच्या तीन रंगांना मारणारा रंग, बोलणाऱ्याने पाच, दुसऱ्याने तीन आणि पत्ते वाटणाऱ्याने दोन हात करायचे असतात; प्रत्येकाने एकेक पत्ता टाकला की एक हात होतो आणि तो सर्वांत वरचढ पत्त्याचा. ज्याचे हात कमी पडतात, त्याच्याकडून जास्त हात करणारा पुढच्या डावात पत्ते ओढतो. म्हणजे मागच्या डावाचे उसने पुढच्या डावात फेडावे लागते, आणि तिघांपैकी कोणालाही मध्येच उठून जावेसे वाटत नाही.

पाच, सहा किंवा सात जण असतील आणि त्यांत मुले असतील, तर बदाम सात किंवा झब्बू. बदाम सातमध्ये सत्तीपासून वर राजाकडे आणि खाली एक्क्याकडे पत्ते लागत जातात. लावता येत असेल तर लावलाच पाहिजे, नसेल तरच पास म्हणायचे. सहा-सात वर्षांच्या मुलाला हा खेळ सहज येतो, पण मोठ्यांनाही त्यात डोके चालवता येते, कारण हातातली सत्ती किंवा छक्की कधी सोडायची आणि कोणाला किती वेळ अडवून धरायचे हे ठरवावे लागते. झब्बूमध्ये उतारीच्या, म्हणजे फेरीत पहिल्यांदा टाकलेल्या पत्त्याच्या, रंगाचा पत्ता नसलेला भिडू दुसऱ्या रंगाचा पत्ता टाकून झब्बू देतो, आणि उतारीच्या रंगातला सर्वांत मोठा पत्ता ज्याचा असेल त्याला सगळी चळत उचलावी लागते. हात रिकामा करून सुटायचे असते. माझ्या कसोटीला झब्बू अर्धाच उतरतो: जे लवकर सुटतात ते मोकळे होतात आणि शेवटचे दोघे झुंजत राहतात. पण इथे बसून राहणारे जिंकलेले असतात, आणि जिंकलेल्यांना बाजूला बसून शेरे मारायला आवडते, त्यामुळे ते निभावते.

चौघांसाठी मात्र मेंढीकोटाला तोड नाही, आणि नवख्यांनी एकच खेळ मनापासून शिकायचा ठरवला तर तो हा असावा. समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू असतात, प्रत्येकाला 13 पत्ते मिळतात आणि एकूण 13 हात होतात. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन किंवा चार मेंढ्या जातील ती जिंकते, आणि दोन-दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात करणारी जोडी जिंकते. चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या की कोट. हुकूम ठरवण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. बंद हुकमात एक भिडू आपला पत्ता पालथा ठेवतो आणि गरज पडल्यावर तो उघडला जातो; कट हुकमात ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा संपतो, त्याने त्या वेळी टाकलेल्या पत्त्याचा रंग हुकूम होतो. नवख्यांनी कट हुकमाने सुरुवात करावी, कारण त्यात आधीच हात पाहून हुकूम निवडण्याचे ओझे कोणावर पडत नाही.

मेंढीकोट इतका जमतो याचे कारण त्याच्या भिडूपद्धतीत आहे. आज्जी आणि दहा वर्षांची नात एका बाजूला, जावई आणि मेहुणा दुसऱ्या बाजूला, अशा जोड्या पाडल्या की ताकद आपोआप समतोल होते आणि नुकताच शिकणारा एकटा पडत नाही. त्याला दोनच गोष्टी सांगाव्यात: आपल्या भिडूचा हात नक्की होत असेल तेव्हाच त्यात आपली दश्शी घालावी, आणि दश्शीची उतारी सहसा करू नये. बाकीचे तो खेळता खेळता शिकतो. सहा जण असतील तर चारही दुर्र्या काढून 48 पत्ते ठेवावेत. प्रत्येकाला आठ येतात आणि तिघे विरुद्ध तिघे असा डाव होतो.

तीनशे चार हा खेळ मला फार आवडतो, पण तो नवख्यांना शिकवू नये. त्यात गुलामाला 30, नव्वीला 20, एक्क्याला 11, दश्शीला 10, राजाला 3 आणि राणीला 2 गुण असतात, पत्त्यांचा नेहमीचा क्रम उलटापालटा होतो आणि शिवाय बोली लावावी लागते. मेंढीकोट अंगवळणी पडल्यावर त्याकडे वळावे.

पत्ते पिसण्याबद्दलही सांगितले पाहिजे. मेंढीकोटासारख्या खेळात एकाच रंगाचे पत्ते हातांमागून हात एकत्र गोळा होतात, आणि वरवर दोनदा पिसून वाटले की एकाला नऊ बदाम आणि दुसऱ्याला एकही नाही अशी वाटणी होण्याचा संभव वाढतो. कॅटचे दोन भाग करून कोपरे एकमेकांत सरकवत पिसल्यास साधारण सात वेळा पिसावे लागते, असे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवून दिले. ज्यांना ती हातोटी नाही, त्यांनी सगळे पत्ते सतरंजीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर कालवावेत. मुले हे काम आनंदाने करतात.

पट, कॅरम आणि विकतच्या पेट्या

फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरे काढून आणि चार कवड्या किंवा अर्धे केलेले चिंचोके टाकून खेळायचा चल्लस-आठ, ज्याला काही ठिकाणी अष्टाचंगा म्हणतात, हा फुकटचा आणि अतिशय चांगला पट आहे. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही या एका नियमामुळे त्यात शेवटपर्यंत चुरस राहते. घरातल्या आज्जी-आजोबांना तो बहुधा येतच असतो, आणि नियम सांगण्याचा मान त्यांच्याकडे गेला की बैठकीचा रंगच बदलतो.

लूडोबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायची नाही असा नियम असल्यास, सलग सहा पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता जवळजवळ एक-तृतीयांश असते. म्हणजे चौघांच्या डावात एखादे मूल सुरुवातीचा सगळा वेळ नुसते फासे टाकत बसण्याची चांगलीच शक्यता आहे. प्रत्येकाची एक सोंगटी आधीच बाहेर ठेवावी, की रडारड निम्म्याने कमी होते.

व्यापार हा खेळ मात्र माझ्या कसोटीला उतरत नाही. त्याचे मूळ असलेला मोनोपॉली 1935 पासून अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकला गेला, आणि त्याच्याही आधी, 1904 साली, एलिझाबेथ मॅगी यांनी ज्या खेळाचे पेटंट घेतले होते त्याचा हेतू जमिनीची मालकी मूठभरांच्या हाती गेल्यावर बाकीच्यांचे काय होते हे दाखवण्याचा होता. तो हेतू खेळ आजही चोख पार पाडतो: ज्याचे दिवाळे निघाले तो तासभर बाजूला बसतो आणि जिंकणारा भाडे गोळा करत राहतो. मुलांना नोटा मोजण्याचा सराव होतो हे खरे, पण तो खेळायचाच असेल तर आधी वेळ ठरवावी आणि घड्याळात ती वेळ झाली की ज्याची मालमत्ता जास्त तो जिंकला असे मानावे.

कॅरमला मोठी जागा, सपाट स्टूल आणि थोडी बोरिक पावडर लागते. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. राणी घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावे लागते. स्वस्तातला पातळ बोर्ड वर्षभरात मधून दबतो, म्हणून बोर्ड जरा जाड प्लायचाच घ्यावा. दुकानात स्ट्रायकर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर मारून तो किती वेळा परततो ते पाहावे. सुस्त कडा नंतर सुधारत नाहीत.

यानंतर नव्या पेट्यांकडे यावे. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत पत्ते, लूडो आणि कॅरम मिळतात, पण परदेशी धाटणीचे खेळ बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात, आणि तिथे खोट्या नकला पुष्कळ असल्याने फार स्वस्त दिसणाऱ्या पेटीबद्दल संशय बाळगावा. ज्या घरात पत्ते येतात तिथे पहिली पेटी म्हणून मी सिक्वेन्स सुचवतो: पटावर पत्त्यांचीच चित्रे असतात, हातातल्या पत्त्याच्या घरावर आपली चकती ठेवायची आणि सलग पाच जुळवायच्या. दोन कॅटचे 104 पत्ते त्यात असतात आणि जोड्या पाडून बरीच माणसे खेळू शकतात. ऊनोत वाचण्यासारखे जवळजवळ काही नसते, त्यामुळे तोही चालतो.

थोडा विचार करायला लावणारा खेळ हवा असेल तर 2000 साली आलेला कार्कासोन घ्यावा. त्यात 72 चौकोनी तुकडे असतात, पाळी आली की एक तुकडा उचलून रस्ते, गावे आणि शेते जुळतील असा लावायचा, आणि पटावर एक अक्षरही वाचावे लागत नाही. 1995 चा कॅटन हा तीन किंवा चार जणांचा आहे. लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज यांची देवघेव करत वस्त्या उभारायच्या आणि दहा गुण आधी गाठायचे. घासाघीस ज्यांच्या अंगात आहे त्यांना तो लगेच आवडतो, आणि शेवटपर्यंत कोणीही डावातून बाद होत नाही. हरणे ज्यांना सहनच होत नाही अशा मुलांसाठी हनाबी पाहावा, कारण त्यात सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात, आणि प्रत्येकाला स्वतःचे सोडून इतरांचे पत्ते दिसतात. अशा एकत्र खेळायच्या खेळांत एक धोका असतो: घरातला सर्वांत हुशार काका सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो. हनाबीत काय सूचना द्यायची यावर बंधन असल्याने त्याला आपोआप गप्प बसावे लागते, हा त्याचा मोठाच गुण आहे.

शिकवताना आणि खेळताना

नवा खेळ आणणाऱ्याने नियमांची पुस्तिका आदल्या दिवशी वाचावी आणि एकट्याने एक डाव मांडून पाहावा. बैठक जमल्यावर पुस्तिका उघडून मोठ्याने वाचू लागणे हा डाव सुरू होण्यापूर्वीच मोडण्याचा हमखास मार्ग आहे. शिकवताना आधी जिंकायचे कसे ते सांगावे, मग आपल्या पाळीत काय करता येते ते, आणि अपवाद त्या त्या वेळी. पहिला डाव सर्वांनी पत्ते उघडे ठेवून खेळावा आणि त्याचे गुण धरू नयेत.

पत्त्यांच्या बाबतीत उलट अडचण येते, म्हणजे प्रत्येकाला नियम येत असतात, पण वेगवेगळे. अंबाजोगाईच्या मामांकडे हुकूम असला की मारणे सक्तीचे असते, तर नांदेडच्या भाऊजींकडे ते मर्जीवर असते, आणि हे मतभेद नेमके शेवटच्या हाताला उघड होतात. म्हणून पहिली उतारी होण्यापूर्वी वादाचे नियम बोलून घ्यावेत आणि ज्याच्या घरी बैठक आहे त्या घरची रीत त्या दिवशी मानावी.

डाव चालू असताना भिडूला डोळ्यांनी खुणा करणे, लहान मुलाला मुद्दाम जिंकू देणे आणि चुकीचा पत्ता टाकणाऱ्याची हजेरी घेणे, या तीन गोष्टी टाळाव्यात. मुलांना मुद्दाम जिंकवलेले लगेच कळते. त्यापेक्षा त्यांना तगडा भिडू द्यावा. पाळी लांबवणाऱ्या माणसाला घाई करण्याऐवजी, त्याच्या आधीच्या भिडूचा पत्ता पडताच त्याचे नाव घ्यावे. स्वयंपाकघरात कोण आहे हेही पाहावे. दोन तास पुरुष आणि मुले खेळत आहेत आणि वहिनी चहाच्या फेऱ्या घालत आहेत अशी बैठक मला तरी पाहवत नाही. दर दोन डावांनी पत्ते वाटणाऱ्याने उठून चहा टाकावा, असा नियमच करून टाकला की प्रश्न मिटतो.

डाव संपल्यावर उठण्यापूर्वी पत्ते मोजून कॅटमध्ये ठेवावेत. एखादा हरवला असेल तर जोकरावर पेनाने त्याचे नाव लिहून तो वापरावा. तेवढ्यासाठी नवा कॅट आणण्याची गरज नाही. पुढच्या बैठकीला कोणता खेळ काढायचा, हे त्या दिवशी सर्वांत कमी गुण झालेल्याने ठरवावे, आणि त्याने सापशिडी मागितली तर सापशिडी मांडावी.